नृत्यशिक्षक पदविका: वर्षभर शिकून आणि दहा महिने शिकवून झाल्यावरचा अनुभव

मी १४ वर्षं नाचले, त्यातली ९ व्यावसायिक मंचावर. गुडघ्याच्या दुखापतीनंतर शिकवायला लागले तेव्हा वाटलं होतं, आपल्याला येतंय ते पुढे द्यायचं, त्यात वेगळं शिकायचं काय? तीन वर्षं तशीच शिकवत राहिले. माझे गुरू मला जसे ओरडायचे तशी ओरडले, त्यांनी जसं कौतुक केलं तसं कौतुक केलं. मग दर वर्षी निम्मी मुलं का सोडून जातात हा प्रश्न टोचायला लागला आणि नृत्यशिक्षकांसाठीच्या एक वर्षाच्या पदविकेला नाव घातलं.

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि कुठल्याही संस्थेचा अभ्यासक्रम निवडताना उपयोगी पडेल असंच लिहायचं आहे. पदविका हातात येऊन आता दहा महिने झाले. तेव्हाच लिहिलं असतं तर शरीरशास्त्राच्या तासांचं तोंड भरून कौतुक केलं असतं. ते तास चांगले होतेच. पण दहा महिने वर्गात उभं राहिल्यावर कळतंय की खरं काम केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं.

अभ्यासक्रमात शरीरशास्त्र, वयोगटानुसार शिकवणं, पाठाचा आराखडा, लय आणि संगीत, इतिहास, सुरक्षितता, व्यवसाय असे विषय होते आणि ४० तास प्रत्यक्ष शिकवणं होतं. त्यातले १२ तास कुणीतरी अनुभवी शिक्षक मागे बसून तुमचा वर्ग बघणार. मला हे १२ तास कटकटीचे वाटत होते. मंचावर हजार माणसांपुढे नाचलेल्या बाईला एका निरीक्षकाची काय भीती, असा माझा तोरा होता.

पहिल्या दिवशी निरीक्षक बाई भिंतीला टेकून बसल्या, ४५ मिनिटं काहीतरी लिहीत राहिल्या आणि वर्ग संपल्यावर एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर शेरे नव्हते, फक्त मोजमाप होतं. मुलं प्रत्यक्ष हलली १९ मिनिटं. उरलेला वेळ मी बोलत होते, करून दाखवत होते किंवा गाणं शोधत होते. ‘छान’ हा शब्द २६ वेळा. काय छान, हे एकदाही नाही. डाव्या कोपऱ्यातल्या तीन मुलींकडे अख्ख्या तासात माझी नजर गेली नाही. बाई एवढंच म्हणाल्या, “तुम्ही फार सुंदर करून दाखवता, म्हणून मुलं तुम्हालाच बघत बसतात.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षांत मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, कारण माझ्या वर्गात माझ्यापेक्षा जास्त जाणणारं कुणी कधी बसलंच नव्हतं. नर्तकाला आयुष्यभर कुणी ना कुणी दुरुस्त करत असतं: गुरू, दिग्दर्शक, सहकलाकार, आरसा. शिक्षक झाला की दार बंद होतं आणि आत तो एकटा. मग त्याच चुका वीस वर्षं चालतात आणि त्यालाच अनुभव म्हणतात.

दुसऱ्या निरीक्षणापर्यंत मी बोलणं निम्म्यावर आणलं. आता नवी रचना शिकवताना दोनदा करून दाखवते आणि तिसऱ्या वेळी मुलांबरोबर करत नाही, बाजूला होते. तेवढ्यानं कुणाच्या अंगात काय बसलंय आणि कोण नुसतं माझ्या मागे मागे करतंय ते लगेच दिसतं. वर्गात मागची रांग दर दहा मिनिटांनी पुढे येते. गाणी आधीच लावून ठेवते. गोष्टी साध्या आहेत, पण स्वतःहून एकही सुचली नव्हती.

सूचना कशी द्यायची यावर तीनच तास होते, पण ते सोन्याचे. उडी शिकवताना मी म्हणायचे, “मांडी ताण, गुडघा सरळ कर, पोटरी आवळ.” एवढ्या सूचना डोक्यात घेऊन कुणी उडी मारली तर ती लाकडासारखीच होणार. गॅब्रिएल वुल्फ यांनी तोल आणि खेळांतल्या कौशल्यांवर केलेल्या संशोधनातून दिसलं की लक्ष स्वतःच्या अवयवाऐवजी हालचालीच्या परिणामाकडे असलं तर हालचाल बहुतेक वेळा अधिक सहज होते. आता मी म्हणते, “जमीन खाली ढकल.” गिरकीत “मान झटकन वळव” ऐवजी “समोरच्या खिडकीला सगळ्यात शेवटी सोड आणि सगळ्यात आधी गाठ.” सगळ्यांना एकच वाक्य लागू पडत नाही, म्हणून एका हालचालीसाठी तीन-चार वाक्यं वहीत लिहून ठेवली आहेत. ही वही पदविकेतली माझी सगळ्यात मोलाची कमाई.

सरावाचा क्रम बदलण्याचा प्रयोगही इथेच शिकले. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की एकच कौशल्य सलग घोटण्यापेक्षा दोन-तीन कौशल्यं आलटूनपालटून केली तर त्या दिवशी कामगिरी वाईट दिसते, पण नंतर ती जास्त टिकते. मी तीन पदन्यास असे मिसळून घ्यायला लागले. पहिले दोन आठवडे वर्ग विस्कळीत दिसला. दारातून बघणाऱ्या एका आईनं विचारलंही, “मॅडम, मुलांना काही येत नाहीये का?” पंधरा दिवसांच्या सुट्टीनंतर मुलं परत आली तेव्हा तिन्ही पदन्यास त्यांच्या पायात होते. मात्र अगदी नवख्यांना आधी सलग सरावच लागतो, हे मला वर्गात ठेच लागून समजलं. अभ्यासक्रमात त्यावर भर नव्हता.

शरीरशास्त्राचं सांगायचं तर एका मुलीचं सांगते. साडेबारा वर्षांची. सलग दोन गिरक्या सहज घेणारी ही मुलगी अचानक एका गिरकीत पडायला लागली. पूर्वीची मी म्हणाले असते, सराव कमी पडतोय, लक्ष नाही. या वयात हाडं भराभर वाढतात, स्नायू त्यांच्या मागे राहून ताठरतात, हातापायांची लांबी बदलते आणि मेंदूला तोल नव्यानं जुळवावा लागतो. मुलींमध्ये हा वाढीचा झपाटा सरासरी १२ च्या आसपास, मुलांमध्ये १४ च्या आसपास टोकाला असतो. तिच्या उड्या कमी केल्या, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम वाढवले, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणाली तेव्हा अंगावर न काढता डॉक्टरांकडे पाठवलं. आणि तिला समजावून सांगितलं की तुझं काही बिघडलेलं नाही, तुझं शरीर नवं झालंय. ती रडली. नाच सोडायचा विचार करत होती. चार महिन्यांनी दोन गिरक्या परत आल्या. पूर्वी सोडून गेलेल्या निम्म्या मुलांमध्ये अशी किती असतील, हा विचार मला अजून छळतो.

पाय बाहेर वळवण्याचंही तसंच. तो फिरवा खुब्यातून यावा लागतो आणि खुब्याच्या सांध्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते. जोर करून पावलं उघडली तर पीळ गुडघ्यात आणि घोट्यात बसतो. माझा स्वतःचा गुडघा कसा गेला असेल याचा अंदाज मला त्या तासाला आला. हात लावून दुरुस्त करण्याआधी विचारायचं, लहान मुलालाही, हा नियमही तिथलाच. आता माझ्या वर्गात “हात लावू का?” हा प्रश्न रोजचा आहे आणि ‘नको’ म्हटलं तर मी शब्दांनी सांगते.

इतिहासाचा भाग घाईत उरकला. तरी त्यातल्या दोन बायका माझ्यासोबत राहिल्या. पहिल्या रशियन बॅले नर्तकी अग्रिपिना वागानोवा. त्यांना प्रमुख नर्तकीचं पद मिळालं ते मंच सोडण्याच्या थोडंच आधी. १९१६ मध्ये त्या मंचावरून निवृत्त झाल्या आणि मग शिकवण्याची जी पद्धत त्यांनी बांधली, १९३४ मध्ये पुस्तकात मांडली, तिच्यावर आजही बॅले शिकवला जातो. दुसऱ्या मार्गारेट ह'डोब्लर. त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, मंचावरच्या नर्तकी नव्हत्याच. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी नृत्याचा पदवी अभ्यासक्रम उभा केला आणि त्या वर्गात सांगाडा आणून हालचाल समजावत. उत्तम नर्तक म्हणजे उत्तम शिक्षक, हा माझा समज या दोघींनी मोडला.

आता तक्रारी. आवाजावर एकही तास नव्हता. दिवसाला चार वर्ग, वर संगीत, त्यावर ओरडून मात्रा मोजणं. सहाव्या महिन्यात माझा आवाज आठवडाभर बसला. आता संगीत थांबवल्याशिवाय सूचना देत नाही आणि मोजायला टाळ्या वापरते. प्रौढ नवशिक्यांबद्दलही जवळपास काही नव्हतं. माझ्याकडे निम्मे विद्यार्थी तेच आहेत आणि त्यांची भीती मुलांपेक्षा फार वेगळी असते. व्हिडिओ पाठवून मिळणारे अभिप्राय तीन तीन आठवड्यांनी यायचे, तोवर तो वर्गच विसरायला झालेला असायचा. आणि वर्षाच्या मध्यावर माझे मार्गदर्शक न सांगता बदलले, त्याचं दुःख अजून आहे.

व्यवसायाचे दोनच तास झाले, हा सगळ्यात मोठा दोष. या कामाचा खरा हिशोब आधी कुणीतरी मांडायला हवा होता. मी आठवड्याला १६ तास शिकवते. रचना बसवणं, संगीत कापणं, पालकांशी बोलणं आणि येणंजाणं मिळून आणखी ११-१२ तास जातात आणि त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत. शिकवण्याची वेळ म्हणजे इतरांची सुट्टीची वेळ: संध्याकाळ आणि शनिवार-रविवार. शरीर झिजतं ते निराळं. मी कायम उजव्या बाजूनं करून दाखवायचे, त्यामुळे उजवा खुबा दुखायला लागला. आता आठवडा पाळून बाजू बदलते आणि मुलांकडे तोंड असताना उलट्या बाजूनं करते. त्याचा सराव मला दोन महिने आरशापुढे एकटीनं करावा लागला.

प्रमाणपत्राचं वजन किती, हे बरेच जण विचारतात. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्यापासून बॅले, कंटेम्पररी आणि जॅझ हे नृत्यप्रकार शिकवायला सरकारी पदविका किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. बहुतेक ठिकाणी असं बंधन नाही, कुणीही पाटी लावू शकतो. माझ्या बाबतीत कागदामुळे एका शाळेचं काम मिळालं, बाकी विद्यार्थी ओळखीतून आले. पण रस्ते बरेच आहेत हे मात्र तिथेच कळलं: शाळा, नृत्यसंस्थांमधली तालीम घेणं, ज्येष्ठांचे वर्ग. मार्क मॉरिस डान्स ग्रुप या अमेरिकी नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले आणि आता ते काम करणारे प्रशिक्षित शिक्षक अनेक देशांत आहेत. मला पुढे तिकडे जायचं आहे.

कुणी असा अभ्यासक्रम निवडत असेल तर मी एकच विचारायला सांगेन: माझा वर्ग किती तास, कोण बघणार आणि त्याच दिवशी समोर बसून बोलणार का? १२ तासांपेक्षा कमी असतील तर मी जाणार नाही, बाकी विषय कितीही भरगच्च असोत.

पदविकेनंतर दार पुन्हा बंद होऊ नये म्हणून माझ्या तुकडीतल्या एका मैत्रिणीशी ठरवलं, दोन महिन्यांतून एकदा एकमेकींच्या वर्गात कागद घेऊन बसायचं. गेल्या आठवड्यात ती आली होती. ४५ मिनिटांत मुलं ३३ मिनिटं हलली. ‘छान’ ९ वेळा, त्यातल्या तीन वेळा काय छान ते सांगितलेलं नव्हतं. डाव्या कोपऱ्याकडे माझी नजर अजूनही कमी जाते, असं तिनं खाली लिहिलंय.