१८ पूर्ण झालेल्या लेकीसाठी पहिली गाडी: सेकंड हँड टियागो आणि तिचा इन्शुरन्स

आधीच सांगते, शिकाऊ मुलामुलीसाठी गाडी घेताय तर आधी गाडी फायनल करायची आणि मग डीलर देईल तो इन्शुरन्स घ्यायचा असं करू नका, दोन्ही एकत्रच ठरवा. आम्ही लेकीसाठी टाटा टियागो घेतली, २०२३ च्या सुरुवातीची, पेट्रोल, मॅन्युअल, एकहाती वापरलेली, पुण्यातलीच एमएच १२. कोणत्या सालची घ्यायची, कोणाच्या नावावर घ्यायची, हे सगळं आम्ही पॉलिसीचे नियम समोर ठेवून ठरवलं आणि मला वाटतं तेच सगळ्यात बरोबर झालं.

वयाचं आधी बोलते कारण अजूनही लोक विचारतात, सतरा चालतील का, सोसायटीच्या आतच तर चालवणार आहे. नाही चालत. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं, चारचाकीला १८ पूर्ण पाहिजेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १९९ए आलंय, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्या पुण्याने पाहिलंय, अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. त्यामुळे आमच्या घरी हा विषय वाढदिवसाच्या आधी निघालाच नाही.

आता साल. जुनी स्वस्त गाडी घ्या, ठोकली तरी हळहळ नको, हा सल्ला प्रत्येक नातेवाईक देतो आणि मला तो अजिबात पटत नाही. शिकणारं पोर ठोकणार आहे हे जर तुम्हाला आधीच माहीत आहे तर त्याला सगळ्यात कमी सेफ्टी असलेल्या डब्यात कशाला बसवताय? एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं, १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर, सीटबेल्टचा बीप आणि ८० च्या वर गेलं की वाजणारा स्पीड अलर्ट आला, आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सरसकट झाल्या त्या २०२१ च्या अखेरीस. म्हणजे २०२२ किंवा त्यानंतर बनलेली गाडी घेतली की कुठल्याही कंपनीची, कुठलंही व्हेरिएंट असो, एवढं तरी असतंच. दुसरीकडे झिरो डेप कव्हर, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं, बऱ्याच कंपन्या पाच वर्षांपर्यंतच्या गाडीलाच सहज देतात. या दोन्ही अटींत बसणारी, दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी शोधायची. दहा वर्षांची गाडी दीड लाखात मिळत असेल, पण तिला धड कव्हर मिळत नाही.

नवी का नाही असं विचाराल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाल्यावर नव्या-जुन्यातलं अंतर खरंच कमी झालंय, आणि डीलर मात्र अजून जुन्या शोरूम भावावरून हिशोब करून सांगतात. त्यांना आजची नवी किंमत काढून दाखवा, भाव उतरतो, आमचा उतरला. तरी पहिलं वर्षभर बंपरवर ओरखडे येणारच आहेत, ते नव्या गाडीवर यावेत असं मला वाटत नव्हतं.

टियागोच का? वॅगनआर आणि अल्टो के१० दोन्ही बघितल्या. वॅगनआर शिकायला सोपी आहे यात वाद नाही, उंच बसता, काचा मोठ्या, चारी बाजूचं स्वच्छ दिसतं. पण गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या टेस्टमध्ये वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक स्टार आणि अल्टोला दोन, आणि टियागोला २०२० मध्ये चार होते. आता हे सरळ सरळ लावता येत नाही कारण मधे २०२२ ला टेस्टचे नियम कडक झाले, टियागो जुन्या नियमांवर पास झालेली आहे, हे मान्य. तरीही माझं मत टियागोकडेच गेलं, दार ओढून लावलं की जो वजनदारपणा हाताला कळतो तो मला लेकीसाठी हवा होता.

चालवायला कशी आहे? इंजिन तीन सिलिंडरचं आहे, सिग्नलला उभी असताना हलकी थरथर जाणवते, चार सिलिंडरच्या गाडीतून उतरून बसलात तर जास्तच. पण शिकणाऱ्याला त्या थरथरीचा उपयोग होतो, क्लच सोडताना गाडी कुठे पकडते ते पायाला आणि सीटला दोन्हीकडे कळतं, बंद पडायच्या आधी गाडी सांगते. ११९९ सीसी आहे, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर सरकत राहते. लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, गल्लीत यू टर्नला त्रास नाही. मागचं मात्र कमी दिसतं, मागची काच लहान आणि कडेचे खांब जाड, रिव्हर्सला सेन्सर आहे म्हणून ठीक, पण लेकीला मी सेन्सरच्या भरवशावर रिव्हर्स घेऊ देत नाही, मान वळवून आणि दोन्ही आरसे बघूनच. ड्रायव्हर सीट वरखाली होणारं व्हेरिएंट घ्या, उंची कमी असेल तर बॉनेटचा अंदाजच येत नाही. हॅचबॅकला डिकी म्हणून २४२ लिटर आहे, कॉलेजच्या पोरीला तेवढी पुष्कळ.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. हँडब्रेक दोन सीटच्या मधे, हाताने ओढायचा, आणि शेजारी बसणाऱ्याचा हात तिथे सहज पोचला पाहिजे. घरच्या गाडीत ड्रायव्हिंग स्कूलसारखे डबल पेडल नसतात, माझ्याकडे गाडी थांबवायला तो एक दांडाच आहे. सोसायटीच्या रॅम्पवर चढताना गाडी मागे घसरायला लागली की लेक क्लच-ब्रेकमध्ये गोंधळते, त्या वेळी मी तो ओढते, गाडी जागेवर उभी राहते, मग शांतपणे पहिला टाक, हाफ क्लच घे, जरा रेस दे, आता मी सोडते. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेली गाडी शिकायला मला तरी नको. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमातला नियम ३ पण हेच म्हणतो, शिकाऊ लायसन्सवाल्याच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला पाहिजे आणि तो गाडी ताब्यात घेऊ किंवा थांबवू शकेल अशा जागी पाहिजे.

गाडी बघताना माझा भाऊ बरोबर होता, गॅरेजचा अनुभव असलेला. जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं आठवतंय ना, तशा पाण्यात बसलेल्या गाड्या धुवून-पुसून बाजारात येतात. भावाने काय केलं तर चारही सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढले, कारण लोक सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही, तिथे चिखलाची रेघ असते. एका गाडीत सापडली, बाहेरून ती गाडी आरशासारखी होती. मग स्टेपनीची जागा, सीटच्या रुळांना गंज आहे का, सगळ्या काचांवरचं साल एकच आहे का, टायरवरचे चार आकडे म्हणजे कितव्या आठवड्यात कोणत्या वर्षी बनला. एमपरिवहन या सरकारी ॲपवर थकलेली चलनं आणि लोनचा बोजा बघून घ्या, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

आता इन्शुरन्स, कारण खरी गडबड इथेच होते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आम्हाला घाबरवून ठेवलं होतं की टीनएजर ड्रायव्हर म्हणजे प्रीमियम दुप्पट. तिकडे असेल, आपल्याकडे प्रीमियम मुख्यतः गाडीवर ठरतो, इंजिनचे सीसी, गाडीचं वय, आयडीव्ही (म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि रजिस्ट्रेशनचा झोन. पुणे-मुंबई झोन ए, सातारा-कोल्हापूर झोन बी, म्हणून एमएच १२ ला ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचा, दर जरा जास्त बसतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या कव्हरचा, दर सरकार ठरवतं, जून २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १००० ते १५०० ला ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक लिटरच्या वॅगनआरपेक्षा टियागोला वर्षाला दीड हजार जास्त, तेवढं मी आनंदाने भरते.

सेकंड हँडमधला सापळा नीट समजून घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नवी गाडी घेताना तीन वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची आहे. त्यामुळे विकणारा ‘इन्शुरन्स चालू आहे’ म्हणतो तेव्हा कधी कधी फक्त थर्ड पार्टीच चालू असते, ओन डॅमेज कधीच संपलेलं असतं. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा असतात, दोन्ही वाचा. आम्ही बघितलेल्या एका गाडीचं असंच होतं, डीलरलाही ते माहीत नव्हतं किंवा त्याने सांगितलं नाही. आणि गाडी तुमच्या नावावर झाली की थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, ओन डॅमेज येत नाही, त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, तीही तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे कंपनी तेवढा फरक भरून घेते.

याच बोनसमुळे गाडी लेकीच्या नाही, तिच्या बाबांच्या नावावर घेतली. त्यांची जुनी गाडी विकली तेव्हा ५० टक्के एनसीबी होता, त्याचं सर्टिफिकेट कंपनीकडून काढून ठेवलं होतं, ते तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीला लावता येतं, ओन डॅमेजचा हप्ता थेट निम्मा. लेकीच्या नावावर घेतली असती तर तो बोनस गेला असता, शिवाय मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर मिळायला मालकाकडे चालू लायसन्स पाहिजे. बाबांना ते कव्हर आहे, तिला त्यातून काही नाही, म्हणून गाडीतल्या प्रवाशांचं आणि तिचं असं अपघात कव्हर आम्ही वेगळं घेतलं. हे एजंट स्वतःहून सांगत नाहीत, विचारा.

झिरो डेप शिकाऊसाठी का पाहिजे ते बंपरवर बोट ठेवून सांगते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. आणि शिकणारा ठोकतो काय? बंपर, आरसा, हेडलाइट, म्हणजे सगळं प्लास्टिक. अर्धं बिल तुमच्या खिशातून. झिरो डेपमध्ये ते कापत नाहीत, फक्त १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये प्रत्येक क्लेमला तुमचे. मात्र वर्षाला दोन क्लेमची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते आणि एक क्लेम केला की एनसीबी शून्यावर येतो, त्यामुळे खरचटणं-पेंटिंग वगैरे स्वतःच करून टाका, हेडलाइट-फेंडर-रेडिएटर एकदम गेलं तर क्लेम. पाणी शिरून इंजिन गेलं तर लागणारं इंजिन प्रोटेक्ट कव्हर पण घेतलं, पावसाळ्यात आपल्याकडचे अंडरपास बघता ते हवंच. गाडी चोरीला किंवा पूर्ण निकामी गेली तर बिलाची किंमत देणारं रिटर्न टू इन्व्हॉइस सोडून दिलं, सेकंड हँडला त्यात अर्थ नाही.

पोर्टलवर प्रीमियम कमी करायला दोन पर्याय पुढे येतात, त्यांना हात लावू नका. एक म्हणजे आयडीव्ही खाली ओढणं, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला घसारा ३० टक्के धरतात, त्याच्याही खाली गेलात तर गाडी चोरीला गेल्यावर रडाल. दुसरा म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून सहा हजारांवर आणणं, वाचतात शंभर रुपये, आणि शिकणाऱ्या हातातून कोणाच्या दुकानाचं शटर किंवा महागड्या गाडीचं दार गेलं तर सहा हजारांत काय होतं?

शेवटचं, पॉलिसीतला ड्रायव्हर्स क्लॉज, म्हणजे गाडी कोणी चालवली तर कव्हर मिळतं ते कलम, वाचा. शिकाऊ लायसन्सवर चालवत असताना अपघात झाला तरी कव्हर चालू असतं, पण नियम ३ पाळलेला असेल तरच. म्हणजे शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस, पुढे आणि मागे पांढऱ्या १८ सेंटिमीटरच्या चौकोनात लाल एल, दुकानातला टिकलीएवढा स्टिकर नाही. पोरगी एकटी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेली आणि ठोकलं तर कंपनी हात वर करू शकते, म्हणून पक्कं लायसन्स येईपर्यंत आमच्याकडे किल्ली माझ्या पर्समध्ये असते. पक्क्याची टेस्ट लर्निंगनंतर ३० दिवसांनी देता येते, लर्निंग चालतं सहा महिने, घाई न करता ते सगळे महिने वापरा. आम्ही पावसाळा आणि रात्रीचा हायवे झाल्यावरच तारीख घेणार आहोत.

गाडीला माझे पाचपैकी चार, मागचं कमी दिसतं म्हणून एक कापला. उंच मुलगा असेल आणि घरचे पाचही जण त्याच गाडीने गावी जाणार असाल तर मागच्या सीटवर आधी बसून बघा, मधल्याला अडचण होते.