रानटर्की: पिसं उपटावीत की कातडी सोलावी?

अमेरिकेत वसंतात मारलेल्या रानटर्कीचं काय शिजवायचं, ते ठरवूनच सुरी हातात घ्यावी.

अख्खा पक्षी भाजायचा असेल तर पिसं उपटा. पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअस. पक्षी पाऊण मिनिट बुडवून हलवत राहायचं, शेपटीचं पीस सहज निघालं की बाहेर. उकळत्या पाण्यात घातलात तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. काम किचकट, घाणीचं. पण रानटर्कीच्या मांसात चरबी नावालाच, भाजताना ते कोरडं पडू नये म्हणून ही कातडीच कामी येते.

सोलणं झटपट. छातीच्या हाडावर चीर देऊन कातडी दोन्हीकडे ओढा. वसंतात नराच्या छातीवर, मानेकडच्या बाजूला, चरबीचा स्पंजासारखा थर असतो. तो काढून टाका. कातडी गेल्यावर मात्र लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून छातीचं मांस रात्रभर फ्रीजमध्ये मुरवणं आलंच. शिजवताना मांसाच्या आत ७४ अंश झाले की उतरवा. त्यापुढे नुसता चोथा.

तुकडेच करायचे असतील तर उपटायच्या फंदात पडू नये. तंगड्या कशाही साफ करा, त्यातल्या कडक शिरांमुळे मंद आचेवर तीनेक तास रस्साच बरा.