रुतलेला रणगाडा: फासे की संगणक?

पटावरच्या 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' या युद्धखेळात (१९८५) चिखलात शिरताना दोन फासे टाकायचे. जमिनीवर जास्त दाब देणाऱ्या रणगाड्याची बेरीज वाढते. १२ किंवा वर गेली की तो रुतला. बेभरवशाच्या गाड्यांना इंजिन सुरू करतानाही फासे टाकावे लागतात. १९४३ला रशियात कुर्स्कच्या लढाईत जर्मनांचे कितीतरी पँथर रणगाडे यांत्रिक बिघाडानेच बंद पडले होते, त्यामुळे हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

'कॉम्बॅट मिशन' या संगणकावरच्या युद्धखेळात हे गणित संगणक करतो. जमीन कोरडी की ओली, ते पाहतो. रणगाडा अडकतो, धडपडतो. कधी सुटतो, कधी तिथेच बसतो. दिसायला हे जास्त खरं. पण धोका आधी मोजता येत नाही, आणि वाट निवडतानाची ती धडधड मला पटावरच मिळते.