फोल्डिंग सायकलला हब मोटार: दहा महिने, एक पावसाळा आणि वीतभर वायर

जुलैमध्ये साताऱ्यात, भर पावसात, पोवई नाका सोडून राजवाड्याच्या चढाला लागलो आणि मोटार गचके द्यायला लागली. नुसती खरखर, सायकल जागेवर, मागून एसटीचा हॉर्न. समर्थ मंदिरापर्यंत निम्मी पायडल मारत, निम्मी ढकलत आणली. त्याच रात्री हे लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य होतं, 'कुणीही घेऊ नका'. ते आता खोडलंय. का, ते पुढे येईलच.

माझी 20 इंची, मोटार पुढच्या चाकाच्या मधोमध, म्हणजे हबमध्ये, 250 वॅट, 36 व्होल्ट. पासिंग लागत नाही, लायसन लागत नाही. साध्या सायकलीला मोटार बसवायचं किट ₹18,000. मागवण्याआधी फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं, माप घ्या. नेहमीच्या सायकलीला 100 मिलिमीटर जागा असते, काही फोल्डिंगना 74च. बॅटरी धरून चार किलो वजन वाढलं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. ही म्हणते, "गाडीनं माणसाला न्यायचं की माणसानं गाडीला?"

चढाला मात्र तोड नाही. चाक लहान, त्यामुळे तेवढ्याच मोटारीचा जोर जास्त लागतो. मोती चौकात थांबलं की कुणीतरी विचारतंच, उतारावर चार्ज होते का? नाही होत. आत गिअर आणि फ्रीव्हील आहे, उताराला मोटार सुटी होते. म्हणूनच बंद असली तरी पायाला जड लागत नाही.

आता वायर. किट विकणाऱ्याला त्या गचक्यांचा व्हिडिओ पाठवला. "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. नवी मोटार ₹7,500." अहो, साताऱ्यात पाऊस पडतो! चार फोन झाले, आवाज चढले, निष्पन्न शून्य. साडेसात हजार काही मी देणार नव्हतो.

शेवटी मोटार रिवाइंडिंगवाल्या एका काकांकडे चाकच घेऊन गेलो. त्यांनी उघडलं. मोटारीचा आतला फिरता भाग कुठल्या जागी आहे हे कंट्रोलरला, म्हणजे मोटारीला वीज सोडणाऱ्या डबीला, सांगणारे तीन हॉल सेन्सर असतात, त्यातला एक गेलेला. सायकलीचा फोटो बघून म्हणाले, "आवं, वायर वरनं सरळ एक्सलात घुसतीया. पाण्याला पन्हळच करून दिलीया की तुमी!"

तिन्ही सेन्सर बदलले, मजुरीसकट ₹450. वायर आधी एक्सलच्या खाली उतरवून मग वर घेतली. पाणी खालच्या वळणावरूनच टपकतं, आत जात नाही. एवढंच. वीतभर वायर! किटच्या सोळा पानी पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. बॅटरी तोंडात घालू नका, हे मात्र आहे. तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नाही. लोकांच्या ई-सायकली वाकून बघतो. घरी खिडकीतून आलेली डिशची वायरसुद्धा खाली वळवून घेतली. (बिजागरीपाशीही वायर ढिली ठेवा, घडी घालताना चिमटते.)

खर्चाचं म्हणाल तर 7 अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे पाव युनिटच्या जरा वर, दोन दिवसांचं ऑफिस तीन रुपयांत. पेट्रोल शंभरीपार, स्कूटर धूळ खातेय. किटचे पैसे कधी वसूल होणार, हे हिनं विचारलंय; उत्तर टाळतोय.

परवा हौसेनं यवतेश्वरच्या घाटात घातली. काही वळणांतच मोटारीला हात लावला तर चटका बसला, म्हणून कडेला थांबलो. पाऊस भुरभुरतच होता. वायर बघितली, टपटप खालीच गळत होती.