पलंगाखालचे २७ घनफूट

नागपूरच्या घरांत कपाटे का पुरत नाहीत, याचे बरेचसे उत्तर हवामान खात्याच्या नोंदींत मिळते. मे २०१३ मध्ये या शहराचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एवढ्या पल्ल्यात राहायचे म्हटले की घरात दोन संसार सांभाळावे लागतात. एक कूलर, सुती चादरी आणि पातळ कपड्यांचा, तर दुसरा रजया, ब्लँकेट, स्वेटर आणि शालींचा. यांपैकी एक नेहमी रजेवर असतो आणि रजेवरच्या त्या सामानाला वर्षातले सात-आठ महिने कुठे ठेवायचे, हा खरा प्रश्न असतो. महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांत त्यासाठी भिंतीतली फडताळे आणि लोखंडी पेट्या होत्या. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरावरचा एक माळा सोडला तर तशी काही सोय नसते, आणि त्या माळ्यावर दिवाळीची मोठी पातेली आधीच जाऊन बसलेली असतात.

आमच्या मनीषनगरातल्या दोन शयनगृहांच्या घरासाठी आम्ही यावर उपाय म्हणून हायड्रॉलिक पलंग घेतला. पाच बाय साडेसहा फुटांचा, गादीसकट वर उचलला जाणारा आणि खाली अख्खी पेटी असलेला हा पलंग गादी सोडून २८,५०० रुपयांना पडला. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिन्ही ऋतू त्यावर काढून झाल्यावर हे लिहीत आहे, कारण दुकानात सांगितले जाणारे गुण बरेचसे खरे असले तरी न सांगितलेल्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत.

आधी जागेचा हिशेब पाहू. पेटीची आतली खोली दहा इंच धरली तर पाच गुणिले साडेसहा फुटांच्या पलंगाखाली साधारण २७ घनफूट जागा मिळते. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल अशा दोन दारांच्या लोखंडी कपाटाचे माप २९ घनफुटांच्या आसपास भरते. म्हणजे मधली फळी आणि झाकण उचलणाऱ्या दांड्यांची जागा वजा केली तरी एक कपाट जमिनीवरची जराही वेगळी जागा न अडवता खोलीत येते. दहा बाय अकरा फुटांच्या खोलीत, जिथे दुसरे कपाट ठेवले तर पहिल्याचे दार उघडत नाही, तिथे हा लाभ मोठा आहे. खणांच्या पलंगाचा पर्याय आम्ही पाहिला होता, पण खण ओढण्यासाठी बाजूला दोन फूट मोकळी जागा लागते आणि ती आमच्याकडे नव्हती. फळ्या उचलून उघडायचा जुन्या पद्धतीचा पेटीपलंग याहून बराच स्वस्त मिळतो. मात्र त्यात प्रत्येक वेळी गादी गुंडाळावी लागते, आणि जी पेटी उघडायला दोन माणसे लागतात ती वर्षातून एकदाच उघडली जाते.

आता उचलण्याच्या यंत्रणेविषयी. पलंगाच्या दोन्ही बाजूंना ज्या दांड्या असतात, त्यांच्या नळीत नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो आणि आतले सील कोरडे पडू नये म्हणून थोडे तेल असते. नळीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा जोर. हा जोर तापमानानुसार बदलतो, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत आणि नागपुरात ती जाणवल्याशिवाय राहत नाही. दर दहा अंशांमागे वायूचा दाब सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी-जास्त होतो. जानेवारीच्या पहाटे खोलीत पंधरा अंश असतील आणि मे महिन्याच्या दुपारी चाळीस असतील, तर त्याच दांडीच्या जोरात आठ-नऊ टक्क्यांचा फरक पडतो. मे महिन्यात एका हाताने वर जाणारे झाकण जानेवारीत सासूबाईंना एकटीने उचलता येत नाही. रजई मात्र नेमकी थंडीतच काढायची असते. पहिल्या थंडीची चाहूल लागताच दिवसाउजेडी ती बाहेर काढून ठेवावी, हा यावर साधा इलाज आहे.

गादीचे वजन हा याहून महत्त्वाचा मुद्दा आहे. काथ्याची जाड गादी फोमच्या गादीपेक्षा बरीच जड असते आणि कापसाची त्याहून जड होऊ शकते. दुकानात पलंग उघडून दाखवताना त्यावर बहुधा गादी नसते, किंवा असली तर हलकी असते, त्यामुळे झाकण अलगद वर जाते आणि ग्राहक खूश होतो. आपल्या घरी कोणती गादी आहे हे आधी सांगावे, तिच्या वजनाला पुरेल अशा जोराच्या दांड्या मागाव्यात आणि तशीच गादी टाकून, घरातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसाने उघडून पाहावे. उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी: दांडीचा जोर फार जास्त आणि गादी फार हलकी असेल तर झाकण पुरते बंद बसत नाही. घरात लहान मूल असेल तर झाकण वर असताना खोलीत मोठे माणूस हवेच. डोके किंवा हात आत घालून सामान शोधणे हा मुलांचा आवडता खेळ असतो.

पेटीत काय ठेवावे याबाबत माझे मत आता पक्के झाले आहे. जे वर्षातून एक-दोनदा लागते आणि ज्याचे आकारमान वजनाच्या मानाने मोठे आहे, तेच तिथे शोभते. रजया, ब्लँकेट, प्रवासाच्या रिकाम्या बॅगा आणि पाहुण्यांचे अंथरूण-पांघरूण. विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारे आमचे यवतमाळकडचे नातेवाईक दरवर्षी घरी उतरतात आणि त्या वेळी सतरंज्या, उशा, चादरी एकदम लागतात. पूर्वी त्या तीन ठिकाणांहून गोळा कराव्या लागत, आता एका जागी मिळतात. कूलर अर्थातच यात मावत नाही. नागपूरकराच्या घरातली ही सर्वांत अवजड हंगामी वस्तू पावसाळ्यापासून होळीपर्यंत गॅलरीत झाकूनच ठेवावी लागते. पेटीत फार तर त्याचा पंप आणि त्याच्या बाजूंना लावायच्या नव्या ताट्या जातात.

पलंगासोबत हवा काढून घेण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही घेतल्या होत्या, त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण हल्ली त्यांची जाहिरात फार आहे. व्हॅक्यूम क्लीनर लावून हवा ओढली की फायबरची रजई खरोखर निम्म्याहून कमी जागेत बसते. तिचे वजन मात्र तेवढेच राहते, त्यामुळे मावते म्हणून पेटी ठासून भरली तर खालच्या फळीवर भार वाढतो. कापसाच्या रजईला या पिशव्या मानवत नाहीत. महिनोन्महिने दबलेला कापूस गोळा होतो आणि ती उन्हात ठेवूनही पूर्वीसारखी फुगत नाही; पिंजून घेण्याची वेळ येते. शिवाय झडप आणि कडेच्या पट्टीतून हवा हळूहळू परत शिरते, म्हणून मार्चमध्ये पापडासारखी चपटी झालेली पिशवी दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी टम्म झालेली दिसते. फायबरच्या पांघरुणांसाठी आणि स्वेटरांसाठी या पिशव्या चांगल्या आहेत, पण त्यांत घालण्यापूर्वी कपडा कडकडीत वाळलेला हवा. ओल आत राहिली तर तीही त्याच्यासोबत बंद होते आणि कुबट वास धरते. सुदैवाने फेब्रुवारी-मार्चमधल्या नागपूरच्या उन्हाला या कामात तोड नाही.

रेशमी साड्यांना पलंगाच्या पेटीत जागा देऊ नये. पैठणी असो की आपल्याकडची करवतकाठी, तिला हवा लागते, घड्या दर काही महिन्यांनी मोडून बदलाव्या लागतात आणि ती सुती कापडात गुंडाळून ठेवणे चांगले. प्लॅस्टिकमध्ये कोंडलेल्या ओलीने जरीचे काठ काळवंडतात. गादीखालची पेटी वारंवार उघडली जात नसल्याने घड्या बदलणे हमखास राहून जाते. साड्यांसाठी लोखंडी कपाटातला वरचा कप्पाच योग्य आहे आणि रजया पलंगात गेल्यामुळे तो आता मोकळा झाला आहे, हा या खरेदीचा मला सर्वाधिक आवडलेला परिणाम. डांबरगोळ्यांबाबतही जपावे. ज्या पेटीवर माणसे रोज झोपतात, तिच्यात त्या मुठीने टाकणे मला पटत नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी नॅप्थॅलिनमुळे फुटू शकतात. म्हणून तान्ह्या बाळाचे कपडे आणि दुपटी त्या गोळ्यांपासून लांबच असावीत. आम्ही कडुलिंबाची वाळलेली पाने कापडी पुरचुंडीत बांधून ठेवतो, आणि ऊन तर आहेच.

पलंगाचा खरा कमकुवतपणा पावसाळ्यात उघड झाला. आमचा पलंग बिलावर नुसताच ‘इंजिनिअर्ड वुड’ म्हणून नोंदलेला होता. चौकटीला प्लाय असली तरी पेटीचा तळ पार्टिकल बोर्डचा निघाला. उन्हाळाभर खिडकीतल्या कूलरचा दमट झोत पलंगाच्या पायथ्याशी येत होता. जुलै-ऑगस्टपर्यंत त्या बाजूची तळाची कड फुगली आणि वरचा कागदी थर उचलला गेला. भुसा आणि गोंद दाबून केलेली ही फळी कडेने पाणी पिते आणि एकदा फुगली की पूर्ववत होत नाही. दुकानदाराने ‘पाण्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून हात झटकले. ज्या शहरात मार्च ते जून घरोघरी कूलर चालतो, तिथे पलंग विकताना ही अट बिल करण्यापूर्वी सांगायला हवी होती. तेव्हा बिलावर प्रत्येक भागाचे साहित्य वेगळे लिहून घ्यावे. प्लायवर आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असेल तर ती पाण्याला टिकणारी मरीन प्लाय. आयएस ३०३ ही साधारण वापराची. आयएस ३०८७ हा आकडा पार्टिकल बोर्डचा. तळाला किमान दोन-चार वायुछिद्रे असावीत. आमच्या पेटीला ती नव्हती, मिस्त्रींकडून पाडून घेतली, आणि त्यानंतर पेटीतला कुबटपणा बराच कमी झाला.

पसारा यामुळे कमी होतो का? होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. झाकण मिटले की खोली नीटनेटकी दिसते आणि जुन्या मिक्सरचे खोके, बंद पडलेली इस्त्री, कोणाच्या तरी लग्नात मिळालेला चादरींचा संच हे सगळे पेटीत निवांत पडून राहते. सासूबाईंचे प्रत्येक वस्तूबाबत एकच उत्तर असते, “राहू दे ना, कामी येते.” तान्ह्या पोळ्याला नागपूर ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून वर्षभराची इडापिडा गावाबाहेर काढते, पलंगाच्या पेटीसाठी तशी एखादी मिरवणूक असती तर मी आनंदाने पुढे चालले असते. आमच्या घरी शेवटी एवढेच ठरले की थंडीचे सामान आत जाताना आणि बाहेर येताना पेटी पूर्ण रिकामी करायची, आतल्या वस्तूंची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायची, आणि लागोपाठ दोन्ही खेपांना ज्या वस्तूला कोणी हात लावला नाही ती कबाडीवाल्याकडे किंवा बोहारणीकडे जायची. सासूबाईंच्या लोखंडी पेटीला हा नियम लागू नाही. तिच्याकडे आम्ही बघतही नाही.

तयार पलंगाऐवजी सुताराकडून करून घेणे हा पर्याय नागपुरात अजून जिवंत आहे आणि ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. लकडगंजातून प्लाय आणि लाकूड स्वतः निवडता येते, पेटीची खोली दहाऐवजी बारा-तेरा इंच ठेवता येते आणि तळ जमिनीपासून चार बोटे उचलून घेता येतो. तयार पलंगाखाली झाडू जात नाही, ही रोजची कटकट त्यामुळे टळते. सागवानाचा मोह मात्र आवरावा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरचे सागवान गेले, याचा विदर्भात आपल्या सर्वांनाच अभिमान आहे, पण रजया ठेवण्याच्या पेटीला चांगली मरीन प्लाय पुरते आणि वर उचलायची चौकट हलकी राहिली तर दांड्याही जास्त टिकतात.

एकंदरीत खोली लहान, सामान हंगामी आणि कूलरचा झोत पलंगावर न येणारा असेल तर ही खरेदी पैसे वसूल करणारी आहे. रोजच्या कपड्यांसाठी कपाटाला पर्याय म्हणून कोणी ती सुचवत असेल तर ऐकू नये. झाकण अर्ध्यात थांबू लागले किंवा आपोआप खाली येऊ लागले, तर दांडीतला वायू निसटला आहे असे समजावे. नळीवरचा न्यूटनचा आकडा आणि दांडीची पूर्ण उघडलेली लांबी लिहून घेऊन हार्डवेअरच्या दुकानातून नवी जोडी आणावी. एकच दांडी बदलली तर झाकण एका बाजूला ओढले जाते आणि बिजागऱ्या वाकतात, म्हणून दोन्ही एकदम बदलाव्यात. जुनी दांडी उघडण्याचा, तिला भोक पाडण्याचा किंवा आगीत टाकण्याचा प्रयत्न कोणी करू नये. निकामी वाटली तरी आत दाब शिल्लक असू शकतो, आणि कबाडीवाल्याला देताना त्यालाही हे सांगावे.