हलशी (ता. खानापूर, जि. बेळगाव) : देऊळ पाहून परत फिरू नका

खानापूरहून नंदगडमार्गे हलशीला येणारे बहुतेक जण भूवराह-नृसिंहाचे दर्शन घेऊन लगेच परततात. देऊळ अप्रतिम आहे, यात शंका नाही. दोन गाभारे समोरासमोर असल्याने मंडपाच्या मधोमध उभे राहिले की एकीकडे नृसिंह आणि पाठ फिरवताच वराह दिसतो. गोव्याच्या कदंब राजघराण्याच्या काळातला इथला शिलालेख कलियुग ४२७०, म्हणजे इ. स. ११६९ चा आहे.

परंतु हलशीची मुळे त्याहून सुमारे सातशे वर्षे खोल आहेत, आणि ती समजून घ्यायची तर गावातल्या जैन बस्तीकडेही (जुन्या जैन मंदिराकडेही) पाय वळवलाच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात, गावाबाहेर चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळच्या मातीच्या उंचवट्यात ताम्रपटांचे सात संच सापडले आणि गोव्याच्या कदंबांच्याही आधीच्या, बनवासीच्या कदंब राजांची पलाशिका नगरी ती हीच, हे पक्के झाले. या घराण्यातला काकुस्थवर्मा युवराज असताना, आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला त्याने शेत दिले, ही नोंद त्यांतलीच. त्याच घराण्यातल्या मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय (जैन मंदिर) बांधून ३३ निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) जमीन यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन पंथांच्या साधूंना दिली, तर त्याचा मुलगा रविवर्मा याने कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवसांचा जिनोत्सव आणि पावसाळ्याचे चार महिने साधूंच्या भोजनाची सोय लावून दिली. वैदिक परंपरेतल्या राजांनी तीन जैन पंथांना एकाच दानात सामावून घ्यावे, ही गोष्ट मला त्या भव्य शिखरापेक्षाही मोठी वाटते. ही माहिती मनात ठेवून बस्तीसमोर उभे राहिले, की तो मुका दगड एकदम बोलका होतो. एरवी तिथे कोणी फारसे थांबत नाही.

देवळाची फरशी उन्हात तापते आणि अनवाणी चालणे कठीण होते, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. जेवणाची सोय खानापुरात करून निघालेले बरे. देवळाला मी पाचापैकी पाच गुण देईन, एकूण भेटीला मात्र चारच. ताम्रपटांतला मजकूर सोप्या मराठीत आणि कन्नडमध्ये बस्तीपाशी वाचायला मिळाला, तर उरलेला गुणही आनंदाने देईन.