बारोलो की बार्बारेस्को? आठ महिन्यांनंतर

नोकरीनिमित्त ट्युरिनला आलो आणि ऑक्टोबरात बारोलो नि बार्बारेस्को या दोन इटालियन रेड वाइनच्या सहा-सहा बाटल्या घेतल्या. शेवटची परवा संपली, म्हणून आता लिहितोय.

दोन्ही उत्तर इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवरच्या, दोन्ही निव्वळ नेब्बिओलो द्राक्षाच्या. मध्ये आल्बा शहर, एकीकडे बारोलोची गावं, दुसरीकडे बार्बारेस्कोची. नियमानुसार बारोलो किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला 26 आणि 9 पुरतात.

रंगावर जाऊ नका. पेल्यात दोन्ही कोकम सरबताइतक्या पातळ दिसतात, कडेला विटकरी. घोट घेतला की मात्र हिरडा चघळल्यासारखं तोंड कोरडं पडतं.

सेर्रालुंगा गावची 2019ची बारोलो रविवारी दुपारी उघडली आणि फार निराश झालो. वास मिटलेला, नुसता तुरटपणा. बूच लावून ठेवून दिली. सोमवारी रात्री त्याच बाटलीतून आधी वाळलेल्या गुलाबाचा, मागोमाग डांबराचा वास आला, आणि तुरटपणा इतका मवाळ झाला होता की मी जेवण सोडून पेलाच हुंगत बसलो. तेव्हापासून अशी बारोलो जेवणाआधी चार तास सुरईत ओतून ठेवतो.

ला मोर्रा गावची बारोलो मात्र तासाभरात खुलली. डोळे बांधून दिली असती तर मी तिला बार्बारेस्कोच म्हटलं असतं. ही मातीची करणी आहे. ला मोर्राकडे चुन्याची निळसर तोर्तोनियन (त्या नावाच्या भूगर्भीय काळातली) माती आहे, बार्बारेस्कोतही बरीचशी तीच. सेर्रालुंगाकडची जमीन त्याहून जुनी आणि घट्ट. म्हणून ‘बारोलो राजा, बार्बारेस्को राणी’ असं जे नेहमी म्हणतात, ते मला पटत नाही. बाटलीवर गाव कुठलं, ते आधी वाचा.

एका बार्बारेस्कोला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, म्हणजे बुचातल्या दोषाने वाइन बिघडलेली. दुकानदाराने बदलून दिली नाही, याचा राग अजून आहे.

जेवणाचं म्हणाल तर झणझणीत मटण रश्श्याशी दोन्हींचं जमलं नाही. तिखटाने तुरटपणा आणखी बोचतो. तेच मटण कांदा, मिरी आणि तूप घालून मंद शिजवलं, तर बार्बारेस्को सुरेख लागली.

मला रोजच्या जेवणाला बार्बारेस्को जास्त भावली, खिशालाही ती हलकी. यंदा तिच्या आठ घेणार, बारोलोच्या चार. त्यातल्या सेर्रालुंगाच्या दोन तळघरात आडव्या ठेवणार आहे, 2030पर्यंत हात न लावता.